अपडेटनंतर गाडी अनोळखी का वाटते? रिजन ब्रेकिंग, सॉफ्टवेअर आणि आपला मूल रोड

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचं अडखळणं आणि दर वाक्यातलं 'म्हणजे' काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] काकांचा फोन

आजचा विषय इलेक्ट्रिक गाडीचा. तुमच्याकडे गाडी नसेल, नुसती इलेक्ट्रिक स्कूटर असेल, तरी ऐका. कारण गोष्ट शेवटी आपल्या हातापायांच्या सवयीची आहे.

माझे काका चंद्रपूरला राहतात. कामासाठी आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला जातात. चंद्रपूर, चिचपल्ली, मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल आणि गडचिरोली. हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे की चिचपल्लीच्या आसपास दोन्ही बाजूंनी जंगल आहे. चितळ, रानडुक्कर कधी रस्त्यावर येईल याचा नेम नाही. आणि नशीब जोरात असेल तर वाघसुद्धा.

काकांनी इलेक्ट्रिक गाडी घेऊन दीड वर्ष झालं होतं. एकदा नागपूरला सर्व्हिसिंग करून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी गडचिरोलीला निघाले आणि तासाभरात मला फोन.

"अबे, गाडीले काय झालं पाहून घे बरं. पाय काढला तरी थांबूनच नाही राहिली."

मी घाबरलो. विचारलं, "काका, ब्रेक लागतो ना?"

"ब्रेक लागते ना बे. पण ब्रेक लावाचं काम काऊन पडून राहिलं?"

झालं असं होतं की, चिचपल्लीच्या पुढे एक चितळ रस्त्यावर आलं. काकांनी सवयीप्रमाणे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. दीड वर्ष एवढं केलं की गाडी आपोआप दबकत होती. त्या दिवशी दबकली नाही. घसरत पुढे गेली. काकांना कळायला क्षणभर लागला, मग त्यांनी ब्रेक दाबला. चितळ निघून गेलं, कुणाला काही झालं नाही. पण काकांचे हात कापत होते.

काकू शेजारच्या सीटवर होत्या. त्या मला नंतर म्हणाल्या, "यांना वाटलं ब्रेकच गेला."

ब्रेक गेला नव्हता. सर्व्हिसिंगमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण आज जे सांगणार आहे ते कुठल्याही कंपनीच्या गाडीत होऊ शकतं.

[०३:१०] आधी रिजन म्हणजे काय ते बघू

घरी जुनी सायकल असेल तर तिचा डायनॅमो आठवा. टायरला टेकवला की दिवा लागायचा, पण पायडल जड व्हायचं. दिव्याला लागणारी वीज तुमच्या पायातून जायची. रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे आपण ज्याला नुसतं रिजन म्हणतो, ते हेच. गाडी पळवणारी मोटर, पाय काढला की डायनॅमो होते. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते, वीज बॅटरीत जाते आणि गाडीचा वेग कमी होतो.

किती वीज मिळते? थोडा हिशोब करू. माणसांसकट १५०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने पळतेय. तिच्या वेगात साधारण ०.०५८ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट. थांबताना त्यातली दोन-तृतीयांश परत मिळाली आणि गाडी एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाते असं धरलं, तर एकदा थांबण्यातून तुम्हाला पावणेतीनशे मीटर फुकट मिळतात. साध्या गाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवण्यात वाया जाते.

ही कल्पना नवी नाही. बल्लारशाहवरून मालगाड्या ओढणारी डब्ल्यूएजी-९ इंजिनं हेच करतात, फक्त ती वीज वरच्या तारेत परत सोडतात. तारेला 'आता पोट भरलं' असं सहसा म्हणावं लागत नाही. गाडीच्या बॅटरीला मात्र म्हणावं लागतं. त्यावर पुढे येतोच.

[०५:४०] पायाखाली एक तक्ता असतो

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मी सॉफ्टवेअर लिहितो, गाड्यांचं नाही, पण तत्त्व तेच.

जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरला केबल असायची. पाय दाबला, केबल ओढली, पेट्रोल जास्त गेलं. इलेक्ट्रिक गाडीत पायाखाली फक्त एक सेन्सर असतो. तो कंट्रोलरला सांगतो, 'पाय ३० टक्के दाबलाय' किंवा 'पाय उचलला'. मग कंट्रोलर एका तक्त्यात बघतो. एक्सेल शीट डोळ्यासमोर आणा. एका बाजूला पाय किती दाबलाय ते, दुसऱ्या बाजूला वेग. मधल्या चौकटीत एक आकडा. आकडा अधिक असेल तर मोटर पुढे ढकलते, उणे असेल तर मागे खेचते.

'पाय शून्य, वेग ६०' या चौकटीतला उणे आकडा मोठा असला की पाय काढताच गाडी जोरात दबकते. लहान असला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी वाहत राहते. स्क्रीनवर रिजन लेव्हल १, २, ३ असं जे दिसतं, ते म्हणजे असे वेगवेगळे तक्ते. तुम्ही बटण दाबलं की गाडी तक्ता बदलते.

आणि अपडेट आलं की? कंपनी तक्त्यातले आकडेच बदलू शकते. एकही नट न खोलता, एकही पार्ट न बदलता. आमच्याकडे असा बदल कोड रिव्ह्यूला आला तर एक-दोन ओळींचा दिसेल आणि पाच मिनिटांत मंजूर होईल. पण ती ओळ मूल रोडवर कुणाच्या तरी पायाखाली जाऊन बसते.

[०८:००] सॉफ्टवेअरने रिजन बदलतं, याचे खरे दाखले

आपल्याच देशातला दाखला घ्या. टाटाने नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२०मध्ये आणली. मे २०२२मध्ये नेक्सॉन ईव्ही मॅक्स आली, तिच्यात रिजनच्या चार पातळ्या होत्या, शून्य ते तीन. मग जुलै २०२२मध्ये नेक्सॉन ईव्ही प्राइम आली आणि कंपनीने जाहीर केलं की ज्यांच्याकडे आधीची नेक्सॉन ईव्ही आहे त्यांनाही मल्टी-मोड रिजन आणि क्रूझ कंट्रोल सर्व्हिस सेंटरमध्ये मोफत अपडेट करून मिळेल. विचार करा, दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या गाडीचा दबकण्याचा स्वभाव घेतल्यानंतर बदलता आला. २०२३च्या सुरुवातीला मॅक्सची कागदोपत्री रेंज ४३७ वरून ४५३ किलोमीटर झाली, तीही जुन्या मॅक्सवाल्यांना अपडेटमधून मिळाली. बॅटरी तीच.

स्कूटरमध्येही तोच प्रकार. जानेवारी २०२४मध्ये आलेल्या एथर ४५० एपेक्समध्ये थ्रॉटल उलटा फिरवला की स्कूटर रिजनने मंदावते. तोच हात, तेच थ्रॉटल, दोन्ही दिशांना काम.

आता बाहेरचा दाखला. २०१८मध्ये अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने टेस्ला मॉडेल ३ तपासली. ताशी ६० मैलांवरून थांबायला तिला १५२ फूट लागले, म्हणून त्यांनी गाडीची शिफारस केली नाही. काही दिवसांत टेस्लाने घरबसल्या इंटरनेटवरून अपडेट पाठवलं. तीच गाडी, तीच चाकं, आता १३३ फूट. जवळपास सहा मीटरचा फरक. तो बदल रिजनचा नव्हता, एबीएसच्या सेटिंगचा होता. पण ब्रेकसारखी गोष्ट रात्रीत बदलू शकते हे तेव्हा जगाला कळलं.

आणि उलटी बाजूही आहे. मे २०२३मध्ये चीनच्या बाजार नियामकाने टेस्लाच्या ११ लाखांहून जास्त गाड्यांचं रिकॉल जाहीर केलं. तक्रार काय होती? त्या गाड्यांमध्ये चालकाला रिजन कमी-जास्त करता येत नव्हतं, आणि ॲक्सिलरेटर बराच वेळ जोरात दाबला गेला तर पुरेसा इशारा मिळत नव्हता. दोन्ही मिळून चुकून भलताच पायडल दाबला जाण्याचा धोका वाढतो, असं नियामकाचं म्हणणं. उपाय काय? पुन्हा अपडेट. रिजनची निवड चालकाच्या हातात द्या आणि इशारा द्या.

मला हा दाखला महत्त्वाचा वाटतो. सरकारी यंत्रणा म्हणतेय की रिजन किती असावं हे माणसाच्या पायाच्या सवयीशी बांधलेलं आहे, आणि सवय हा सुरक्षेचा भाग आहे.

[११:३०] काकांच्या गाडीचं निदान

आता परत काकांकडे. फोनवर माझा पहिला अंदाज चुकला, ते आधी सांगतो.

मी विचारलं, "बॅटरी किती आहे?" ते म्हणाले, "रात्रभर चार्जिंगले होती, शंभर दाखवून राहिली." मी लगेच म्हटलं, मग तेच कारण! बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर नवी वीज ठेवायला जागाच नसते. बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, बीएमएस, मोटरला सांगते की आता वीज पाठवू नको. रिजन कमी होतं किंवा बंद होतं. बॅटरी फार गार असेल तरी असंच. फार तापली असेल तरीही बीएमएस हात आखडता घेते, आणि आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ला जातो.

काकांना सांगितलं, वीस-तीस किलोमीटर गेल्यावर ठीक होईल. मी आपला खुश.

संध्याकाळी परत फोन. गडचिरोलीहून येताना बॅटरी साठ टक्क्यांवर, गाडी तशीच. मग शनिवारी मी चंद्रपूरला गेलो. सेटिंग उघडलं. रिजन सगळ्यात खालच्या पातळीवर होतं. अपडेटमध्ये जुनी निवड पुसली गेली आणि गाडी मूळ सेटिंगवर आली होती. शिवाय पातळ्यांची वाटणीही बदलली होती. आधीची 'दोन' आणि आताची 'दोन' पायाला एकसारखी लागत नव्हती.

जॉब कार्डवर एकच ओळ होती: सॉफ्टवेअर अपडेट केलं.

मग कंपनीने सांगितलंच नव्हतं का? सांगितलं होतं. गाडी घेताना मोबाइल नंबर दिला होता माझ्या चुलतभावाचा, कारण ॲप वगैरे तोच बघतो. तो पुण्यात असतो. त्याच्या फोनवर पाच मुद्द्यांचं नोटिफिकेशन आलं होतं, तिसरा मुद्दा रिजनचा. त्याने मीटिंगमध्ये असताना बघितलं आणि सरकवून टाकलं.

माहिती पुण्यात पोचली. पाय चंद्रपुरात होता.

[१४:२०] साडेसात मीटर

हा फरक किती मोठा? कागदावर करून बघू. समजा गाडी ताशी ६० वर आहे. जुन्या सेटिंगमध्ये पाय काढला की दर सेकंदाला वेग दीड मीटर प्रति सेकंदाने उतरतो. नव्या सेटिंगमध्ये फक्त ०.४ने. चालक दोन सेकंद वाट बघतो, 'उतरेल, उतरेल' म्हणत, मग जोरात ब्रेक दाबतो.

दोन सेकंदांनी जुन्या सेटिंगची गाडी ताशी ४९ वर आलेली असते, नवी ५७ वर. पुढे ब्रेक दोघींनाही सारखाच लागला तरी एकूण अंतर जुन्या गाडीला सुमारे ४६ मीटर लागतं, नवीला साडेत्रेपन्न. साडेसात मीटर जास्त. म्हणजे जवळपास दोन गाड्यांची लांबी. चितळाच्या बाबतीत एवढं अंतर पुरेसं असतं, वाचायला किंवा न वाचायला.

उलट झालं तर? अपडेटने रिजन वाढलं तर? मग धोका मागच्याला. तुम्ही पाय काढता, गाडी गपकन दबकते, आणि मागे बाइकवाला किंवा सुरजागडचं लोहखनिज घेऊन निघालेला ट्रक असतो. त्याला ब्रेक लाइट दिसला पाहिजे. पण तुम्ही ब्रेक दाबलेलाच नाही!

यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १३-एच प्रमाणे, पाय काढल्यावर रिजनने गाडी ०.७ मीटर प्रति सेकंद वर्ग किंवा त्याहून हळू मंदावत असेल तर ब्रेक लाइट लागता कामा नये. १.३ च्या वर गेली तर लागलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात कंपनीच्या मर्जीवर. आता हा दिवा कधी लावायचा हेही सॉफ्टवेअरच ठरवतं. त्यामुळे अपडेट झाल्यावर रात्री कुणाला तरी मागे उभं करून किंवा भिंतीवरचा लाल उजेड बघून, कितव्या पातळीला दिवा लागतो ते एकदा बघून घ्या.

[१६:५०] खड्डे, चिखल आणि २०१०ची प्रियस

आपल्या भागासाठी आणखी एक मुद्दा. खड्ड्यातून जाताना चाक क्षणभर उचललं जातं, पकड सुटते. त्या वेळी रिजन चालू राहिलं तर चाक अडकेल, म्हणून यंत्रणा रिजन सोडून देते आणि साध्या ब्रेककडे काम सोपवते. ही अदलाबदल नीट जमली नाही तर पायाला वाटतं, गाडी पुढे सटकली.

हे टोयोटाला महागात पडलं होतं. फेब्रुवारी २०१०मध्ये प्रियस आणि इतर हायब्रिड मिळून जगभरातल्या सुमारे ४ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावल्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबताना क्षणभर पकड कमी झाल्यासारखी वाटायची. दुरुस्ती होती एबीएसच्या सॉफ्टवेअरचं अपडेट.

पावसाळ्यात आपल्याकडे धानाची रोवणी सुरू झाली की ट्रॅक्टर बांधीतला चिखल डांबरी रस्त्यावर आणतात. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये मोटर पुढच्या चाकांनाच असते, म्हणून रिजनही फक्त पुढच्या चाकांना ओढतं. चारही चाकांना नाही. निसरड्यावर पुढची चाकं घसरली तर स्टेअरिंग ऐकत नाही. म्हणून चिखलात रिजन कमी ठेवा, आणि थांबायला ब्रेक पायडलच वापरा.

[१८:३०] मग करायचं काय?

अपडेट करूच नका असं मी अजिबात म्हणणार नाही. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. प्रियसचा ब्रेक अपडेटनेच ठीक झाला. मी एवढंच म्हणतो: अपडेट झालेली गाडी पहिल्या दिवशी उधार आणलेल्या गाडीसारखी चालवा.

एक. अपडेटच्या आधी रिजन लेव्हल आणि ड्राइव्ह मोडच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. नंतर जुळवून बघा.

दोन. सर्व्हिस सेंटरमध्ये 'काय बदललं?' असं मोघम विचारू नका. 'पाय काढल्यावर गाडी थांबण्यात बदल आहे का, आणि माझं सेटिंग तसंच आहे का?' असं विचारा, आणि उत्तर जॉब कार्डवर लिहून मागा.

तीन. बाहेर पडल्यावर मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून ताशी ४० वरून पाय काढा. प्रत्येक पातळीला दोन-तीनदा. पायाला नवा हिशोब कळू द्या. हे बॅटरी ८० टक्क्यांच्या खाली असताना करा, नाहीतर माझ्यासारखं चुकीचं निदान होईल.

चार. सकाळी लगेच जंगलाच्या रस्त्याला जायचं असेल तर आधी बघा, बॅटरी १०० टक्के आहे का? असेल तर सुरुवातीचे काही किलोमीटर पाय ब्रेककडे तयार ठेवा.

पाच. इंटरनेटवरून येणारं अपडेट घरीच लावा. ते बसत असताना सहसा गाडी चालवता येत नाही, आणि आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या रस्त्याला नेटवर्कचा भरवसा नसतो. तिथे उभ्या उभ्या प्रयोग नकोत.

सहा, आणि हा तुमच्यासाठी, तरुण मंडळींसाठी. घरच्या गाडीचं ॲप बहुतेक वेळा आपल्या फोनमध्ये असतं, आणि गाडी चालवतात बाबा, काका, आत्या किंवा ड्रायव्हरदादा. नोटिफिकेशन आलं की सरकवू नका. फोन लावा. सांगा, "बाबा, अपडेट आलंय, उद्या जरा हळू चालवा."

नियमांची बाजूही थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांचा नियम १५६ गाड्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटबद्दल आहे, २०२० साली स्वीकारला गेला. त्यात अपडेटचा हेतू आणि त्याने काय बदलतं हे गाडी वापरणाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. भारतातही त्याच धर्तीवर एआयएस-१९० हे मानक तयार झालंय. पण 'कळवलं' आणि 'चालवणाऱ्याला कळलं' यात आमच्या घरात चंद्रपूर ते पुणे एवढं अंतर निघालं. माझं मत विचाराल तर, पाय काढल्यावरचा वेग बदलणारं अपडेट असेल तर गाडी पुढच्या वेळी सुरू करताना स्क्रीनवर मोठ्या अक्षरात, मराठीत, सांगायला हवं. आमच्या धंद्यात हे एका दिवसाचं काम आहे.

[२१:४०] शेवटी

त्या शनिवारी काकांना घेऊन मी मोकळ्या रस्त्यावर गेलो. तिन्ही पातळ्या लावून पाहिल्या. पहिल्या दोन वेळा ते चुकले, तिसऱ्यांदा बरोबर जागेवर थांबले. मग मी म्हटलं, "काका, आता जुन्या सेटिंगसारखीच लावून देतो."

ते म्हणाले, "लावून दे. पण आता मी पाय ब्रेकवर ठेवतो. तुमच्या कंपुटरचा काही भरोसा नाही."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. खरं सांगू? मला राग आला नाही. काका अजून आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्याने जातात. चिचपल्ली आली की वेग चाळीसवर आणतात, अपडेट असो वा नसो. आणि गाडीच्या ॲपमध्ये आता त्यांचा स्वतःचा नंबर आहे.

तुमच्या गाडीत किंवा स्कूटरमध्ये अपडेटनंतर असं काही जाणवलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. आणि हा भाग त्या माणसाला पाठवा ज्याच्या गाडीचं ॲप तुमच्या फोनमध्ये आहे.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा.